पायापासून कळसापर्यंत

दौंड हें नांव ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांच्या डोळ्यांपुढें बहुधा आगगाडीचें जंक्शन उभें राहतें. १८७८ सालीं येथून मनमाडकडे लोहमार्ग सुरू झाला, आणि तेव्हांपासून हें भीमातीरचें गांव गाडी बदलण्याचें ठिकाण म्हणूनच चोहोंकडे ठाऊक झालें. अशा गांवीं कलेचा विषय निघाला, कीं मुलें सहज म्हणतात, ‘‘कला पाहावयाची तर पुण्यामुंबईस गेलें पाहिजे, येथें काय आहे?’’ ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याच्या हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों. भीमेच्या ह्याच खोऱ्यांत, दौंडहून एका दिवसांत जाऊन परत येतां येईल इतक्या अंतरावर, जुनी वास्तुकला काळ्या दगडांत उभी आहे. आणि त्याच वास्तुकलेची भाषा मराठीच्या एका थोर ग्रंथानें आपलीशी केली आहे, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

कला अनेक आहेत. काव्य शब्दांनीं सिद्ध होतें, गायन स्वरांनीं, चित्र रंगांनीं व नाट्य अभिनयानें. वरवर पाहतां ह्यांचा घर बांधण्याशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु थोडा विचार करावा. वाईट कविता कागदावर पडून राहते. तिच्यामुळें कोणाच्या डोक्यास इजा होत नाहीं. वाईट भिंत मात्र पडते. गवंड्यानें पायाचा दगड सैल ठेविला, तर त्याची चूक एकाददुसऱ्या पावसाळ्यांतच उघडी पडते. म्हणून बांधणाऱ्यास तीन नियम सक्तीनें पाळावे लागतात. पहिला, एक दगड दुसऱ्याशीं नीट जुळला पाहिजे. दुसरा, प्रत्येक भागानें आपल्या वाट्याचा भार वाहिला पाहिजे. तिसरा, पहिला दगड ठेवण्यापूर्वीं अवघ्या इमारतीची कल्पना मनांत पूर्ण असली पाहिजे. इतर कलांस हेच नियम स्वखुषीनें पाळावे लागतात. आणि जो कवि अगर गवई ते पाळतो, त्याची कृति टिकते. वास्तुकला ही इतर कलांची गुरु आहे असें आम्ही म्हणतों, तें ह्याच अर्थानें.

आपल्या रोजच्या बोलण्यांत ह्याची साक्ष सांपडते. कवितेची बांधणी घट्ट आहे, मुलाच्या गणिताचा पाया कच्चा आहे, अमुक गृहस्थ संस्थेचे आधारस्तंभ आहेत, तमक्यानें कार्यावर कळस चढविला, असें आपण बोलतों. हे सारे शब्द आपण बांधणाऱ्यांकडून उसने घेतले आहेत. गवई ज्या रचनेस बंदिश म्हणतात, त्या फारसी शब्दाच्या मुळाशींही बांधण्याचाच अर्थ आहे. ‘सूत्रधार’ हा शब्द तर विशेष मनोरंजक आहे. सूत्र म्हणजे मोजण्याची दोरी. ती ज्याच्या हातीं तो सूत्रधार. मराठींतील ‘सुतार’ हा शब्द ह्यापासूनच झाला. पंधराव्या शतकांत मेवाडच्या राणा कुंभाच्या आश्रयास राहून ‘प्रासादमंडन’ हा ग्रंथ लिहिणारा शिल्पी सूत्रधार मंडन ह्या नांवानेंच प्रसिद्ध आहे. आणि संस्कृत नाटकांत रंगभूमीवर प्रथम येऊन नाटकास आरंभ करणारा जो पुरुष, तोही सूत्रधारच. घर उभारणारा आणि नाटक उभारणारा ह्या दोघांस आपल्या पूर्वजांनीं एकच नांव दिलें.

आतां आपल्या खोऱ्याकडे वळूं. दौंडहून पुण्यास जातांना यवत स्टेशन लागतें. तेथून जवळच, पुरंदर तालुक्यांतील माळशिरस गांवच्या हद्दींत, डोंगरावर भुलेश्वराचें मंदिर आहे. सतराव्या शतकांत विजापूरकरांचा सरदार मुरार जगदेव ह्यानें तेथें दौलतमंगळ नांवाचा किल्ला बांधला. मंदिर त्याहून पुष्कळ जुनें, यादवांच्या काळांतलें आहे. बाहेरून पाहणाऱ्यास तें मंदिर वाटतच नाहीं, कारण उंच भिंती व मागाहून केलेले घुमट तेवढे दिसतात. अरुंद, अंधाऱ्या जिन्यानें वर गेलें, म्हणजे नंदी, कोरीव खांब, हत्तीघोडे, युद्धाचे प्रसंग व देवतांच्या मूर्ति ह्यांनीं भरलेल्या भिंती एकाएकीं समोर येतात. पुष्कळ मूर्ति भंगलेल्या आहेत. तरी जें उरलें आहे तेंही पाहणाऱ्यास स्तब्ध करितें. दुसरें ठिकाण पेडगांव. हें दौंडच्या खालच्या अंगास भीमेच्या पैलतीरीं आहे. मोगल सुभेदार बहादूरखान ह्याच्या नांवावरून तेथील कोटास बहादूरगड म्हणत. १६८९ सालीं छत्रपति संभाजी महाराजांस कैद करून येथेंच आणिलें होतें. त्या कोटाच्या आंत लक्ष्मीनारायणाचें यादवकालीन मंदिर आहे, व त्याच्या बाहेरच्या भिंतींवरील कोरीव काम अद्याप पाहण्यासारखें आहे.

ह्या तऱ्हेच्या मंदिरांस लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात. हेमाद्रि हा यादवांचा मंत्री होता. परंतु अंबरनाथचें मंदिर इ. स. १०६० मधील आहे, तेव्हां ही पद्धति हेमाद्रीहून जुनी आहे हें उघड होय. हिचें वैशिष्ट्य असें, कीं दगडांच्या सांध्यांत चुना घातलेला नसतो. एका दगडाची खांच दुसऱ्याच्या कंगोऱ्यांत बसावी व वरच्या भारानेंच सांधा घट्ट व्हावा, अशा बेतानें प्रत्येक दगड घडविलेला असतो. आमचा पहिला नियम येथें डोळ्यांनीं पाहतां येतो. आतां ह्याच काळांतील ओवी घ्या. तिचे पहिले तीन चरण यमकानें एकमेकांत बसतात, व चवथा आंखूड चरण त्या तिहींचा भार झेलून वाक्य पुरें करितो. मध्यें भरतीचा शब्द नाहीं, चुन्याचा लेप नाहीं. एक शब्द काढावा, तर ओवी हलते. कवीनें ही युक्ति पाथरवटापासून घेतली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु एकाच देशांत, एकाच काळीं, दोघांचे हात एकाच शिस्तीनें चालत होते, एवढें खास.

ह्याहून स्पष्ट पुरावा ज्ञानेश्वर स्वतःच देतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्यें, म्हणजे इ. स. १२९० सालीं, यादव राजा रामचंद्र राज्य करीत असतां नेवासें येथें सिद्ध झाली. तिच्या अठराव्या अध्यायाच्या आरंभीं ज्ञानेश्वरांनीं गीतेस एका मोठ्या मंदिराची उपमा दिली आहे, व तें मंदिर कसें बांधलें गेलें हें क्रमाक्रमानें सांगितलें आहे. व्यास हा बांधणारा. वेदरूपी रत्नपर्वतावर त्यानें उपनिषदांच्या अर्थाची खाण खोदली. दगड घडवितांना धर्म, अर्थ व काम ह्यांचा जो चुरा व तुकडे निघाले, ते त्यानें वायां जाऊं दिले नाहींत. त्यांचा महाभारतरूपी कोट मंदिराभोंवतीं घातला. आंत आत्मज्ञानाचा निवडक, स्वच्छ दगड घेऊन श्रीकृष्ण व अर्जुन ह्यांच्या संवादाची कलाकुसर केली. मग एकावर एक पंधरा भूमि चढविल्या. ते पहिले पंधरा अध्याय. सोळावा अध्याय ही शिखराच्या मानेवरील घंटा, सतरावा ही कळस बसविण्याची बैठक, आणि अठरावा हा कळस. त्याच्याही वर व्यासांच्या नांवाचा ध्वज फडकत आहे.

येथें ‘भूमि’ ह्या शब्दाकडे लक्ष द्यावें. त्या काळीं आपल्या प्रांतांत शिखराचा जो एक प्रकार प्रचारांत होता, त्यास शिल्पशास्त्रांत ‘भूमिज’ म्हणतात. ह्यांत लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढविलेल्या असतात, व प्रत्येक आडव्या ओळीस भूमि म्हणतात. अंबरनाथचें मंदिर ह्याच जातीचें आहे, व सिन्नरच्या गोंदेश्वराच्या शिखरावर तर ह्या ओळी आजही मोजतां येतात. म्हणजे पंधरा अध्यायांस पंधरा भूमि म्हणणें ही कांहीं कवीची हवेंतील कल्पना नव्हे. तो पाथरवटाचा हिशेब आहे. ज्या श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर अशीं शिखरें होतीं, त्यांस हें रूपक ऐकतांक्षणीं कळलें असेल. आज आपल्यांतील किती जणांस तें कळतें? शब्दकोश अर्थ सांगतो, परंतु शिखर तो अर्थ दाखवितें. म्हणून जुन्या मंदिराचा एकादा कोरीव दगड निखळून नाहींसा झाला, तर नुकसान केवळ दगडाचें होत नाहीं. आपल्याच ग्रंथाच्या कोशांतील एक पान फाटतें.

दुसरा नियम भार वाहण्याचा. ज्ञानेश्वरांच्या रूपकांत कळस सर्वांत उंच आहे खरा, परंतु तो सतरा अध्यायांच्या खांद्यावर बसलेला आहे. हीच कल्पना सतराव्या शतकांतील संत बहिणाबाई ह्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या अभंगांत पुन्हां येते. तेथें अवघा वारकरी संप्रदाय ही एक इमारत आहे. ज्ञानदेवांनीं तिचा पाया घातला, नामदेवांनीं विस्तार केला, एकनाथांनीं भागवताचा खांब दिला, आणि तुकाराम कळस झाले. ज्ञानदेव व तुकाराम ह्यांच्यामध्यें सुमारें साडेतीनशें वर्षांचें अंतर आहे. एवढ्या काळाचा इतिहास बहिणाबाईंनीं चार गवंड्यांच्या कामांत सांगितला, व तो महाराष्ट्राच्या तोंडीं बसला. तारखा विसरल्या जातात. इमारत विसरली जात नाहीं.

आमच्या वाचकांस येथें पवित्र शास्त्राची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. प्रेषित पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, आपण कुशल बांधणाऱ्याप्रमाणें पाया घातला आहे व त्यावर दुसरा बांधीत आहे, म्हणून प्रत्येकानें आपण कसें बांधतों हें संभाळावें, असा उपदेश केला आहे. प्रभु येशूनें खडकावर व वाळूवर बांधलेल्या दोन घरांचा दाखला दिला, तो तर आमच्या लहान मुलांसही पाठ आहे. हीं वचनें साध्या मराठींत घरोघर पोंचावीं म्हणून ज्यांनीं संपूर्ण बायबलाचें भाषांतर केलें, त्या पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आपल्याच तालुक्यांतील केडगांव येथें राहत होत्या. करिंथचा पत्रलेखक व देहूची शिष्या ह्यांच्यामध्यें देश, काळ व धर्म ह्यांचें मोठें अंतर आहे. तरी पिढ्यानपिढ्या चालणाऱ्या कार्याचें वर्णन करावयाची वेळ आली, तेव्हां दोघांसही बांधकामच आठवलें.

तिसरा नियम, आधीं संपूर्ण कल्पना व मग काम. बहिणाबाईंचें जन्मगांव देवगांव हें वेरूळच्या परिसरांतलें. वेरूळचें कैलास लेणें आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळीं कोरलें गेलें. तें अखंड कातळांतून वरून खालीं कोरीत आणिलें आहे. म्हणजे तेथें शिखर आधीं व जोतें शेवटीं. बांधकामांत चुकलेला दगड काढून दुसरा बसवितां येतो. येथें एकदां उडालेली कपची परत लावतां येत नाहीं. पहिला घाव घालण्यापूर्वींच तळचे हत्ती कोठें उभे राहावयाचे, हें मुख्य शिल्प्यास ठाऊक असलें पाहिजे. जो विद्यार्थी निबंधाचा शेवट काय करावयाचा हें न ठरवितां पहिलें वाक्य लिहितो, त्यानें ह्या लेण्याचा विचार करावा.

ह्याच जातीचें उदाहरण पवित्र शास्त्रांतही आहे. शलमोन राजानें यरुशलेमेंत मंदिर बांधलें, तेव्हां दगड खाणींतच पुरते घडवून आणीत, त्यामुळें बांधतांना हातोड्याचा अगर दुसऱ्या हत्याराचा आवाज ऐकूं आला नाहीं, असें राजांच्या पहिल्या ग्रंथांत सांगितलें आहे. त्या मंदिराची लांबी ६० हात, रुंदी २० हात व उंची ३० हात. त्यांत बाहेरचा दिवाणखाना ४० हातांचा व आंतला परमपवित्र गाभारा २० हातांचा होता. आतां ह्या मापांचें पुढें काय झालें तें पाहा. १४३६ सालीं इटलींतील फ्लॉरेन्स शहराच्या मुख्य मंदिराचें समर्पण झालें. त्याचा प्रचंड घुमट ब्रुनेलेस्की ह्यानें उभारला होता. त्या समारंभासाठीं गियोम द्युफे ह्या संगीतकारानें एक स्तोत्र रचलें. त्या स्तोत्राचे चार भाग आहेत, आणि त्यांच्या कालमानाचें प्रमाण ६, ४, २ व ३ असें आहे. एका अभ्यासकानें १९७३ मध्यें हें प्रमाण फ्लॉरेन्सच्या इमारतीशीं जोडलें. दुसऱ्यानें १९९४ मध्यें दाखविलें, कीं तें शलमोनाच्या मंदिराची लांबी, दिवाणखाना, गाभारा व उंची ह्यांच्याशीं तंतोतंत जुळतें. विद्वानांचा वाद विद्वानांनीं करावा. परंतु इमारतीचीं मापें स्वरांच्या काळांत उतरवितां येतात, व कान तें मंदिर ऐकूं शकतात, ही कल्पनाच किती विलक्षण आहे! आपल्याकडील गवईही विलंबित ख्याल गातांना घाईनें वर चढत नाहीं. षड्जावर बैठक घालून एकेक स्वर तो स्थिर करितो, व खालचें जोतें पक्कें झाल्यावरच तार षड्जास हात घालतो.

येथें कोणी अशी शंका काढील, कीं गायन हेंच सर्व कलांचें मूळ आहे. ह्या शंकेस जुना आधारही आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणांत वज्र राजा मार्कंडेय ऋषींस मूर्ति घडविण्याची विद्या विचारतो. तेव्हां ऋषि सांगतात, कीं त्यासाठीं चित्रकला कळली पाहिजे. चित्रकलेसाठीं नृत्य, नृत्यासाठीं वाद्य, आणि वाद्यासाठीं गीत. हा संवाद आम्हांस मान्य आहे. कलांमध्यें वडील कोण व धाकटी कोण, हा तंटा आम्हांस करावयाचा नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच, कीं मूर्ति, चित्र, नृत्य व गीत ह्या सर्वांस एकत्र नांदण्यास जागा दिली ती मंदिरानें. आणि ज्या घरांत तीं नांदलीं, त्या घराची शिस्त त्यांच्या अंगीं आली.

ज्ञानेश्वरांच्या त्या रूपकांतील एक भाग आम्ही मुद्दाम शेवटास ठेविला आहे. मंदिर पुरें झाल्यावर तेथें कोण कोण येतात, हेंही ते सांगतात. कोणी पाठ करीत बाहेरून प्रदक्षिणा घालतात. कोणी नुसतें ऐकतात. ते जणूं मंदिराच्या सावलींत बसतात. कोणी एकाग्र चित्तानें अर्थाच्या गाभाऱ्यांत शिरतात. परंतु लाभ तिघांसही सारखाच होतो. जसें थोर यजमानाच्या पंक्तींत वरच्या पानास व खालच्या पानास एकच पक्वान्न वाढलें जातें. दगडाच्या मंदिरांत मात्र असें नव्हतें. इंद्रायणीचें पाणी आळंदी व देहू ह्यांवरून वाहत भीमेस मिळतें, दौंडवरून पुढें जातें, व पंढरपुरास चंद्रभागा म्हणवितें. तेथील महाद्वारापाशीं नामदेवाची पायरी आहे, व तिच्या समोर संत चोखामेळा ह्यांची समाधि आहे. चोखोबा महार जातीचे. जन्मभर त्यांस मंदिराच्या बाहेर उभें राहावें लागलें. मंगळवेढें येथें गांवकुसाचें काम चाललें असतां भिंत कोसळली, व तींत इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले, असें परंपरा सांगते. तें साल १३३८ मानितात. नामदेवांनीं त्यांच्या अस्थि पंढरपुरास आणून महाद्वारापाशीं पुरल्या. पुढें सहाशेंहून अधिक वर्षांनीं, १९४७ सालीं, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर त्या मंदिराचें द्वार सर्वांस उघडें झालें. ज्या लोकांनीं भिंती बांधल्या, त्यांसच त्या भिंतींच्या आंत येण्यास इतका काळ लागला. शब्दांचें मंदिर मात्र १२९० सालींच सर्वांसाठीं उघडें होतें. वास्तुकलेपासून काव्यानें शिस्त घेतली. परंतु सर्वांस जागा देण्याचा धडा काव्यानें वास्तूस उलट शिकविला, असें म्हणावें लागतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां एवढें करा. येत्या सुटींत वडील माणसांस बरोबर घेऊन भुलेश्वरास किंवा पेडगांवास जा. जातांना वही, पेन्सिल व मोजण्यास एक दोरी घ्या. एकाच खांबाचें चित्र काढा, पण तो कशावर उभा आहे व कशाचा भार वाहत आहे, हें चित्रांत दिसूं द्या. दगडावर आपलें नांव कोरूं नका. ज्यानें तो दगड घडविला, त्यानेंही तें कोरलेलें नाहीं. घरीं आल्यावर वडील मंडळींकडून ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायाचा आरंभ वाचून घ्या. आणि पालकांस आमची विनंति अशी, कीं घराचें अगर रस्त्याचें काम चाललें असतां मुलांस थोडा वेळ तेथें उभें राहूं द्यावें, व ओळंबा कसा सोडतात हें गवंड्यालाच विचारूं द्यावें. जो मुलगा किंवा मुलगी सरळ भिंत कशी उभी राहते हें समजून घेईल, त्याचें वाक्यही हळूहळू सरळ उभें राहूं लागेल, असा आम्हांस भरंवसा आहे.